जोडावरचं वळण

चाचा, तुम्ही गेलात हे मला अकराव्या दिवशी कळलं, आणि तेही मीच फोन केला म्हणून. तुमच्या नंबरवर नसरीनबाजींचा आवाज आला तेव्हा वाटलं, तुम्ही कोपऱ्यावर खारी आणायला गेला असाल आणि फोन घरी विसरला असाल. "अब्बा गए ना," त्या म्हणाल्या. अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, कारण तोवर ते वाक्य त्यांचं शंभरदा बोलून झालं होतं. "जुमेरात को, सुबह. दिल का था. तुमको कोई नहीं बोले?"

मला कोण सांगणार होतं? माणूस गेल्यावर कुणाकुणाला कळवायचं याची प्रत्येक घरात एक न लिहिलेली यादी असते. नातेवाईक, शेजारी, मशिदीतले लोक, कचेरीतले जुने सोबती. पीएच.डी.साठी मुलाखती घेत फिरणाऱ्या बाईला त्या यादीत कुठे बसवायचं? मी पोचले तोवर तिसऱ्या दिवसाची जियारत होऊन गेली होती, पाहुणे परतले होते. छावणीतल्या तुमच्या त्या पुढच्या खोलीत दोन अनोळखी बायका बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून बाजींना विचारलं, "ये कौन?" बाजी म्हणाल्या, "वो नक्शेवाली." त्या बायकांचं तेवढ्यावर समाधान झालं, माझं झालं नाही. मी तुमची लेक नव्हे, शेजारीण नव्हे. शिष्या म्हणावं तर तुम्ही कुणाचे मास्तर नव्हता. तुम्ही ट्रेसर होता. साहेब लोकांनी आखलेले शहराचे नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवून काढायचे, हे तुमचं निवृत्तीपर्यंतचं काम, आणि त्या नकाशांवर प्रबंध लिहिणारी मी. माझे वडील गेले तेव्हा कन्नड गावातली आमची अख्खी गल्ली दारात उभी होती, मला एकटीला रडायला कोपरा सापडत नव्हता. तुमच्यासाठी मी परतीच्या रिक्षात एकटी रडले. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, "ताई, पत्ता चुकला का?"

तुम्ही असता तर म्हणाला असता, "डॉक्टरीणबाई, रडायचं तर रड, पन आधी खाली बस." डॉक्टरीण व्हायला मला अजून अवकाश आहे, आणि तो आता वाढलाही आहे, ते पुढे सांगते. पण पहिल्या दिवसापासून तुम्ही मला तसंच म्हणायचात. पहिला दिवस आठवतो? मी जुन्या विकास आराखड्याची झेरॉक्स तुमच्या टेबलावर पसरून बोलत सुटले होते. तुम्ही भिंग काढलंत, चष्मा कपाळावर चढवलात, आणि माझं बोलणं न तोडता तो कागद हळूच फिरवून माझ्यापुढे ठेवलात. मी दहा मिनिटं शहर उलटं धरून व्याख्यान देत होते. "उत्तर वर असती बेटा," एवढंच म्हणालात. मग विचारलंत, "विषय काय तुझा?" मी छाती फुगवून सांगितलं, "जागतिकीकरणाच्या काळातील नागरी शासनव्यवहार आणि शहर विकास आराखडा: एक चिकित्सक अभ्यास." तुम्ही डोळे मिटून सगळं ऐकलंत. "इतकं लांब नाव तर नवाबाचंबी नसतं. अन् हे जागतिकीकरण ऱ्हातं कुठं? त्याचा सर्व्हे नंबर सांग, मी नकाशात बोट ठेवून दाखवतो."

मला त्या दिवशी संताप आला होता, हे आता सांगायला हरकत नाही. गारखेड्यातल्या भाड्याच्या खोलीत शब्दकोश मांडीवर घेऊन मी ती जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचली होती. आमच्या खानदानात बी.ए.च्या पुढे गेलेली मी पहिली. मला माझ्या विषयाची चेष्टा खपत नसे. आधीच लोकांना "मी आरक्षणावर अभ्यास करते" म्हटलं की माझं आडनाव विचारून त्यांची तोंडं वेगळी व्हायची. मी म्हणायचे, अहो, जमिनीवरचं आरक्षण, मैदानासाठी, शाळेसाठी, रस्त्यासाठी राखून ठेवलेली जागा. तरी त्यांच्या तोंडाची घडी काही मोडायची नाही. तुम्ही मात्र लगेच खुर्ची पुढे ओढलीत. म्हणालात, "मैदानाला हिरवा, शाळेला लाल. सगळं ह्या हातानं रंगवलंय. विचार काय विचारायचं ते."

तुमची एकच अट होती. कागदावरच्या कुठल्याही रेघेबद्दल मत द्यायचं तर आधी ती जमिनीवर चालून यायची. "डोळ्याला रेघ दिसती, पायाला कळती," असं तुम्ही म्हणायचात. त्या अटीपायी आपण दीड वर्ष हे शहर चाललो. तुमच्या हातात काळी छत्री, माझ्या हातात वही. तुम्ही मनात पावलं मोजायचात, मध्येच मी काही विचारलं की तुमचा आकडा चुकायचा, आणि मग तुम्ही मला दोन शब्द सुनावून परत सुरुवातीच्या खांबापासून चालायला लागायचात. किती वेळा आपण एकच रस्ता दोनदा चाललो! बागेच्या आरक्षणावर उभं राहिलेलं मंगल कार्यालय तुम्ही मला दाखवलंत, आणि एका चिंचेसाठी वाकवलेली गल्लीही. चिंच केव्हाच गेली होती. गल्ली वाकलेलीच होती. विद्यापीठाने मला सैद्धांतिक चौकट दिली, तिला मी नावं ठेवत नाही. पण त्या चौकटीत घालायला शहर तुम्ही दिलंत.

आणखी एक दिलंत. पीएच.डी. करणाऱ्याला घरचे एकच प्रश्न विचारतात, "कधी संपणार?" आई विचारते, भाऊ विचारतो, कन्नडच्या बाजारात भेटलेली कुणीही बाई विचारते. तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्ही संध्याकाळी फोन करून विचारायचात, "आज काय लिव्हलं?" काहीच लिहिलेलं नसलं तरी मी काहीतरी सांगायचे, आणि सांगता सांगता मला ते सुचायचं. आता संध्याकाळ झाली की मी फोन उलटा ठेवते. दिवसभरात मी काय विचार केला हे जगातल्या एकाही माणसाला जाणून घ्यायचं नाही, हे मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

शहराचा एक तुकडा मात्र तुम्ही टाळायचात. भट्टीवस्तीचा. मी म्हणायचे, चला ना, माझं चौथं प्रकरण तिथलंच आहे. तुम्ही कधी म्हणायचात ऊन लई हाय, कधी म्हणायचात गुडघा धरलाय. मला वाटायचं, म्हातारा दमला.

त्या चौथ्या प्रकरणावर माझा सगळा प्रबंध उभा होता. बायपासकडून येणारा मोठा रस्ता नकाशात कारखान्यांच्या पट्ट्यापर्यंत सरळ येतो आणि मग एकदम डौलदार वळण घेऊन भट्टीवस्तीवर जातो. सरळ गेला असता तर एका मोठ्या कंपनीच्या मोकळ्या जागेतून गेला असता. वळला म्हणून वीटभट्टीवर राबलेल्या लोकांच्या निम्म्या वस्तीवरून जातो. रस्ता आजतागायत झालेला नाही, तो फक्त कागदावर आहे. पण कागदावर आहे म्हणून तिथे कुणाला स्लॅब टाकायची परवानगी नाही, घरकुल नाही, काही नाही. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या शोभाताई लग्न होऊन त्या वस्तीत आल्या तेव्हापासून पत्र्याखाली राहतात. त्यांनी प्रत्येक वेळी हरकत घेतली, आणि प्रत्येक वेळी त्यांना एकच उत्तर मिळालं: मंजूर नकाशा आहे, विचार करूनच आखलेला असतो. मीही तेच धरून चालले होते, फक्त माझ्या मते तो विचार कंपनीचा होता. प्रकरणाचं नाव मी ठेवलं होतं, "भांडवलाचं वळण". पैसा रस्त्याला कसा वाकवतो, हे मी चाळीस पानं सिद्ध केलं होतं. ते मी एका परिसंवादात वाचलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तुम्हाला फोन करून सांगितलं, तर तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलीस का?" मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल.

आणि मग गेल्या मे महिन्यात तुम्हीच म्हणालात, "चल, आज तिकडं जाऊ." भर उन्हात आपण भट्टीवस्तीच्या तोंडापर्यंत गेलो. तुम्ही पावलं मोजत नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पहिल्या घराच्या अलीकडे तुम्ही थांबलात, छत्री मिटलीत, पुन्हा उघडलीत आणि म्हणालात, "नक्को. घरी चल. घरी सांगतो."

घरी आल्यावर तुम्ही माझ्या झेरॉक्समधल्या दोन शीट काढून टेबलावर शेजारी शेजारी लावल्यात. त्यांची कड बरोबर त्या वळणावर येत होती. इतकी वर्षं तो नकाशा मी उशाशी घेऊन झोपले, पण मी बघायचे ती एकसंध छापलेली छोटी प्रत, या सुट्या शीट नव्हे. जोड मला कधी दिसलाच नव्हता.

"ही शीट माझी," तुम्ही म्हणालात. "ही दुसऱ्या ट्रेसरची. त्यानं जुन्या शिवेच्या दगडावरून मापं घेतली, म्या नव्या. दोन्ही जोडल्या तर रस्ता रस्त्याला भिडेना. बोटभर फरक. साहेब दौऱ्यावर, अन् ते आले की त्याच दिवशी नकाशा सही होऊन जायचा व्हता."

"मग?"

"मंग काय. फ्रेंच कर्व्ह घेतला, वळणं काढायची ती पट्टी, अन् जोडून टाकला."

"पण बोटभर फरकाला एवढं मोठं वळण?"

"बारक्यात जोडला असता तर तुटका दिसला असता ना. साहेबांनी पकडलं असतं. म्हणून लांबून वळवला. रस्त्याला वळायचंच व्हतं, असं वाटाया पायजे." तुम्ही बोटाने ती रेघ गिरवत होता. "साहेब सही करताना म्हणले बी, लई सुबक वळण हाय."

"आणि खाली माणसं राहत होती त्याचं काय?"

"खाली मला कोरं कापड दिसत व्हतं बेटा. वस्ती नकाशावर नव्हतीच."

इथे मी जे केलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी हात पुढे केला आणि टेबलावरचा रेकॉर्डर बंद केला.

तुम्ही बघितलंत. "बंद कायको केलीस?"

"हे बाहेर गेलं तर तुम्हाला त्रास होईल, चाचा."

"ह्या वयात मला कोन सस्पेंड करतंय?" तुम्ही हसलात. मग हसू गेलं. "चालू कर. लिहून घे. माझं नाव घालून लिही."

मी तुम्हाला नियम सांगितला. संशोधनात माहिती देणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत. माझ्या प्रबंधात तुम्ही 'माहितीदाता क्रमांक नऊ' होता. तुम्ही तो आकडा ऐकलात आणि खुर्चीत मागे टेकलात. "इतके नकाशे काढले म्या. एकावर माझं नाव नाय. सगळ्यावर साहेबाची सही. चांगलं ते साहेबाचं झालं, ठीक हाय. आता ही चूक तरी माझ्या नावावर असू दे. त्या लोकांना सांग, मी कोर्टात येतो, कचेरीत येतो, कुठं बी येतो. कागद कर, मी सही करतो."

मग आपलं भांडण झालं. आपली सगळीच भांडणं मला आवडायची, हे सोडून. मी म्हणाले, चूक तुमच्या हातून झाली असेल, पण ती टिकली कुणामुळे? तुम्हीच मला सांगितलं होतंत, की दुसऱ्या एका शीटवर रस्ता एका बड्या माणसाच्या बंगल्याला चाटून गेला होता, आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तुम्हाला अर्ध्या ब्लेडने ती शाई खरवडून काढायला लावली होती. दहा मिनिटांचं काम. मग शोभाताईंच्या घरावरची शाई इतकी वर्षं का खरवडली गेली नाही? तुम्ही म्हणालात, "ते तुझं बरोबर असंल. पन ते नंतरचं. आधी माझं लिही." मी म्हणाले, तुम्हाला व्यवस्था कळत नाही. तुम्ही म्हणालात, "अन् तुला माणूस नाय कळत." मी पिशवी उचलून उभी राहिले. दारात तुम्ही परत विचारलंत, "कागद कधी आणतीस?"

"प्रबंध सादर झाला की आणते," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले ते मला तेव्हाही माहीत होतं. तुमच्या त्रासाची काळजी दोन आणे होती. चौदा आणे काळजी माझ्या चौथ्या प्रकरणाची होती. तुमचं सांगणं एकदा कागदावर आलं असतं की "भांडवलाचं वळण" कोसळलं असतं, आणि ते परत उभं करायला मला सहा महिने लागले असते. मी थकले होते, चाचा. मला संपवायचं होतं. बाजारातल्या त्या बाईला उत्तर द्यायचं होतं. म्हणून मी चाळीस पानं तशीच ठेवली आणि प्रबंध सादर केला. त्यात माहितीदाता क्रमांक नऊ रंगांविषयी बोलतो, शाईविषयी बोलतो, वळणाविषयी एक अक्षर बोलत नाही.

त्यानंतर मी तुमच्याकडे आले नाही. यायला तोंड नव्हतं. तुमचा संध्याकाळचा फोन आला की मी मीटिंगमध्ये आहे म्हणायचे. मला कसल्या डोंबलाच्या मीटिंगा? दिवाळीनंतर बाजींचा मेसेज आला, "अब्बा पूछ रहे, वो कागज कब ला रहे." मी उत्तर पाठवलं, "अगले हफ्ते." असे तीन पुढचे आठवडे झाले. अकराव्या दिवशी मी जो फोन केला तो खरं तर हेच सांगायला केला होता, की या शनिवारी नक्की येते. कागद मात्र तेव्हाही टाइप केलेला नव्हता.

मी आले त्या दिवशी बाजींनी मला चहा दिला आणि बोलता बोलता सांगितलं, की शेवटच्या महिन्यात तुम्ही त्यांना दोनदा भट्टीवस्तीला घेऊन जायला सांगितलंत. त्यांना शाळा होती, दहावीचे जादा तास होते. "अब्बा का वहाँ कौन है?" त्यांनी मला विचारलं. म्हणजे तुम्ही लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतंत. तुम्ही ते फक्त मला सांगितलं होतंत, आणि मी ते घेऊन गप्प बसले होते. मी बाजींना सगळं सांगितलं. त्या उठून आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मेरे को बोलते तो मैं छुट्टी डालती ना." एवढंच. मला एखादी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. चौथं प्रकरण परत घ्यायचं आहे म्हणाले. त्यांनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाल्या, आता मौखिक परीक्षा तोंडावर आली असताना हे काय खूळ? आधी पदवी पदरात पाड, मग लिही काय लिहायचं ते. त्या वाईट नाहीत, चाचा, माझ्याचसाठी बोलत होत्या. पण "मग" या शब्दावर आता माझा विश्वास उरलेला नाही. मी अर्ज दिला. तो मंजूर होईल की नाही, झाला तर किती लांबेल, कुणीच सांगत नाही. नवं प्रकरण मला दिसायला लागलंय मात्र. आधी तुमचा फ्रेंच कर्व्ह, मग ते अर्धं ब्लेड. चूक कुणाच्याही हातून होते; ती कुणासाठी खरवडायची आणि कुणासाठी ठेवायची, हे ज्यांच्या हातात असतं त्यांच्याविषयी लिहायचं आहे. म्हणजे तुम्ही बरोबर होता आणि मीही बरोबर होते. हे तुम्हाला सांगून तुमची खोड काढावी म्हणून माझा हात फोनकडे जातो. दिवसातून दोनदा तरी जातो. तुम्ही "पन आधी माझं लिही" म्हणाला असता, आणि मी लिहिलं असतं, हो, लिहिलं असतं!

काल मी भट्टीवस्तीत गेले. एकटीने, तुमची रेघ पायाखाली घेत. विहारात बायकांची बैठक होती. नव्या आराखड्यावर हरकती घ्यायच्या आहेत आणि पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मी शोभाताईंना बाजूला बोलावत होते, तर त्या म्हणाल्या, "काय ते सगळ्यांदेखत बोल." मग मी सगळ्यांदेखत बोलले. दोन शीट मांडून जोड दाखवला. दगड, बोटभर फरक, सही, सगळं सांगितलं. तुमच्या नकाशावर ही वस्ती नव्हतीच, हेही सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी वाकून त्या वळणाकडे बघत होती. तिने विचारलं, "म्हंजे ह्ये कुणी मुद्दाम नाय केलं?" मी म्हणाले, "नाही आजी." ती म्हणाली, "मंग आमी इतकी वर्सं कुणासंगं भांडत व्हतो?" मला त्याचं उत्तर चाळीस पानांत देता येतं. तिच्यापुढे मी शीटच्या कडा सरळ करत बसले.

शोभाताईंनी दोन्ही शीट आपल्याकडे ओढल्या. त्यांनी विचारलं, "ह्ये तुला कधी सांगितलं त्यांनी?"

"गेल्या मे महिन्यात."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "म्हंजे जित्ते व्हते. यायला तयार व्हते?"

"हो. सही करायलाही तयार होते."

"मंग कामून नाय आणलंस त्यांना?"

चाचा, तुमच्या दुखऱ्या गुडघ्याचं सांगावं असं एक क्षण माझ्या मनात आलं. बाजींच्या शाळेचं सांगावं असंही आलं. त्या बायांनी मानलंही असतं. मी म्हणाले, "माझा प्रबंध अडला असता म्हणून."

शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी इथे लिहीत नाही. मग त्या उठल्या आणि विहाराच्या कपाटातून बैठकीची वही काढली. सुनावणीत हे ऐकीव म्हणून बाजूला ठेवतील, मेलेल्या माणसाचं सांगणं दुसऱ्याच्या तोंडून कोण धरतं, असं मी म्हणाले. "ठेवू दे बाजूला," त्या म्हणाल्या. "आमच्या वहीत तर ऱ्हाईल. बस. त्यांचं पुरं नाव लिही. काय केलं ते लिही. अन् खाली तुझं नाव लिही, तू काय केलं ते."

मी लिहिलं. शेख रहीमोद्दीन शेख नजीर, निवृत्त ट्रेसर, राहणार छावणी, यांच्या हातून ही चूक झाली आणि ती त्यांनी स्वतः होऊन सांगितली. त्याखाली माझं नाव, वडिलांचं, आडनाव. यांनी ती दाबून ठेवली. शोभाताईंनी दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचून दाखवली, तुमचं नाव त्या बायांच्या तोंडी एकदा फिरलं, आणि मग त्यांनी पेन परत माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "सही कर. तारीख टाक."

मी कालची तारीख टाकली, चाचा. ती गेल्या मे महिन्यातली असायला हवी होती.